मागच्या भिंतीची ओल

खामगावात मला घर मिळालं ते माझ्या नोकरीकडे बघून नाही, माझ्या छत्रीकडे बघून. बदली होऊन मी तिथे गेले तेव्हा श्रावण चालू होता, लहान मुलगी कडेवर होती आणि नवरा पुण्यातल्या नोकरीला चिकटून होता. दोन घरमालकांनी “मिस्टर कुठं असतात?” एवढं विचारून मान हलवली होती. तिसऱ्या दाराशी पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. सवयीने मी छत्री पायरीवरच मिटली, झटकली, कठड्याला उलटी टेकवली, पाय पायपुसण्यावर घासले आणि मग हाक मारली. दार उघडंच होतं. आत एक उंच, वाळकेसे गृहस्थ उभे होते आणि माझ्याकडे न बघता छत्रीकडे बघत होते.

“कुठल्या तुम्ही?”

“रत्नागिरीजवळची.”

“कोकण!” ते म्हणाले, पूर्वी लोक क्षयाचं नाव घ्यायचे तसं. “म्हणजे जन्मच ओलीतला.”

मग माझी मुलाखत झाली. कपाट भिंतीपासून एक वीत दूर ठेवाल? ठेवीन. भात शिजताना खिडकी? उघडी. ओले कपडे घरात वाळवाल? नाही, अजिबात नाही. हे शेवटचं मी धडधडीत खोटं बोलले. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे घरातच वाळतात, नाही तर माणसं दसऱ्यापर्यंत एकाच साडीत राहिली असती. पण त्यांनी आत जाऊन किल्ली आणून दिली. “छत्री भायेर ठेवणारा माणूस घर राखते,” ते म्हणाले. नवरा कुठे असतो हे त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही.

ते चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. गाव त्यांना सर म्हणायचं म्हणून मीही सरच म्हणत असे. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पाठीमागे त्यांना ‘ओलसर’ म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण. सगळी आळी तिला बाई म्हणायची, सरही बाईच म्हणत. पुढच्या दोन खोल्या त्या दोघांच्या, मागच्या दोन माझ्या. एक स्वयंपाकाची, एक निजायची. मागे परस आणि परसात तुळस.

पहिल्या सकाळी मी खिडकी उघडली तर सर बाहेरून भिंतीला गाल लावून उभे. डोळे मिटलेले. मला वाटलं, आमचं बोलणं ऐकतायत. मी जरा तोऱ्यातच खिडकी लावून घेतली. “खिडकी उघडी ठेवा, मॅडम,” भिंतीपलीकडून आवाज आला. रोज सकाळी ते घराला अशी प्रदक्षिणा घालत. दोन पावलं चालायचं, गाल लावायचा, पुढे सरकायचं. हाताने ओल कळत नाही म्हणत. हात कामाने निबर होतो, गाल तेवढा लहानपणीचाच राहतो.

आणि हे कुठे, तर खामगावात. जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं आणि नळाला पाणी आलं की बायका एकमेकींना फोन करून उठवतात. मला हसू यायचं. कोकणात ओल ही घरातलीच असते. मीठ पाघळतं, काडेपेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव येते, आणि कुणी त्याचा बाऊ करत नाही. मी हे एकदा सरांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमची माती लाल,” ते म्हणाले. “पाणी पेते अन् सोडून देते. आमची काळी. काळी पाणी धरते. ओली झाली का फुगते, घर उचलते. वाळली का फाटते, घर सोडते. तिले पाणी दाखवाचंच नाई.”

वऱ्हाडात कूलरशिवाय उन्हाळा काढणारा माणूस एक तर साधू असतो नाही तर चक्रम. सरांच्या घरात कूलर नव्हता. मला त्यांनी परवानगी दिली ती अशी की कूलर खिडकीच्या बाहेर, लोखंडी घोडीवर, आणि दिवसातून दोनदा ते स्वतः येऊन खालची फरशी बघणार. दुपारी मी कचेरीतून जेवायला आले की हा माणूस भर उन्हात माझ्या कूलरखाली ओणवा होऊन थेंब शोधत असायचा. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तरी ते म्हणायचे, “तुमचं यंत्र घरात दमट हवा सोडून राह्यलं, मॅडम.”

ओलीचे त्यांनी तीन प्रकार केले होते. वरून येते ती पाहुणी, पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. खालून चढते ती भाडेकरू, निघ म्हटल्याने निघत नाही. असं म्हणून ते माझ्याकडे बघत. “अन् आतून निघते ना, ते घरमालकीण. तिले कोण काढीन?” मी हे कचेरीत सगळ्यांना सांगून हसवलं होतं.

कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी छताच्या कोपऱ्यात जायची. एकदा शेजारच्या आळीत एक म्हातारे वारले. मी सरांबरोबर भेटायला गेले. मंडळी खाली मान घालून बसली होती. सर मात्र वर बघत होते, पंख्याच्या पलीकडे, जिथे एक पिवळट डाग होता. मग त्यांनी म्हाताऱ्यांच्या मुलाला अगदी हळुवारपणे विचारलं, “हे कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून, सर,” मुलगा डोळे पुसत म्हणाला.

“शक्य नाई,” सर म्हणाले. “कमीत कमी तीन पावसाळे झाले असतीन.”

मी तोंडात ओढणी कोंबली. बाहेर आल्यावर त्यांना चांगलं झापलं. ते खरोखर ओशाळले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र शिडी आणि चुन्याची बादली घेऊन त्याच घरी गेले, आणि चुन्यात गुळाचं पाणी घालून त्या खोलीवरची गच्ची स्वतः घोटून दिली. तेरावं होईपर्यंत ते रोज तिथे जात होते. दुःख असलेल्या घरात करायला काही तरी काम काढायचं, ही त्यांची सांत्वनाची रीत होती असं मला आता वाटतं.

मग ते यंत्र. रंगाच्या कुठल्याशा कंपनीचा एक पोरगा दारावर आला. त्याला भिंतीवर चढवायचा प्लास्टिकसारखा रंग खपवायचा होता. “भिंतीले रेनकोट?” सर म्हणाले. “अन् घाम कुठून जाईन तिचा?” पण त्या पोराकडे ओल मोजायचं यंत्र होतं, मोबाइलएवढं, टेकवलं की आकडा दाखवणारं आणि ओल जास्त असली की टिकटिकणारं. ते सरांच्या हातातून सुटेना. पोरगा बिचारा चहा पीत बसला आणि सर घरभर हिंडले. दाराला लावलं, तांदळाच्या डब्याला लावलं, शिळ्या भाकरीला लावलं, माझ्या मुलीच्या तळपायाला लावलं, तशी ती खिदळत सुटली. शेवटी ओसरीवर बसलेल्या बाईच्या तळहाताला लावलं. यंत्र टिकटिकायला लागलं आणि थांबेना.

“पान्यातला हात हाय,” बाई कौतुकाने म्हणाली. “वायतच नाई.”

वाळतच नाही. सरांनी ते यंत्र एकदम पोराला परत दिलं आणि त्याला वाटेला लावलं. घरातल्या एकूणएक वस्तूंना त्यांनी ते लावून पाहिलं होतं, फक्त मागच्या भिंतीला नाही.

आणि मागची भिंत ओली होती. ज्या माणसाला अख्खं गाव आपापली ओल दाखवायला बोलवायचं, त्याच्या स्वतःच्या घराची मागची भिंत, म्हणजे माझ्या निजायच्या खोलीची, बारा महिने ओली असायची. मे महिन्यातसुद्धा. खाली मिठासारखा पांढरा लोणा फुटायचा, त्याच्या वर पोपडे सुटायचे आणि त्याच्याही वर काळपट डाग पसरायचे. सर दर उन्हाळ्यात गिलावा खरवडून नवा लावत, आणि श्रावणापर्यंत भिंत होती तशी. आळीतले लोक त्यावरून त्यांची खेचत. “काऊन सर, डॉक्टरच्याच घरी बिमारी?” कोपऱ्यावरचा चहावाला विचारायचा. “शोधून राह्यलो,” सर म्हणत आणि चहा पीत. चिडत नसत. एरवी गच्चीच्या उतारावरून गवंड्याशी तासभर भांडणारा हा माणूस इथे मुकाट्याने ऐकून का घेतो, हे मला कोडंच होतं.

माझ्या मुलीला ती भिंत फार आवडायची. सकाळी अर्धवट जागेपणी आम्ही दोघी पडल्या पडल्या तिच्याकडे बघत असू. परसातून येणारा निळसर उजेड आधी खिडकीच्या चौकटीवर, मग भिंतीवर उतरायचा आणि डाग हळूच हलल्यासारखे वाटायचे. तिथे एक गाय होती. गायीची होता होता नाव झाली. नावेत एक बाई येऊन बसली, आणि त्या बाईचे केस वाढत वाढत खिडकीपर्यंत गेले. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज यायचा, कलशातून ओतल्याचा. थांबायचा, पुन्हा यायचा. त्या आवाजात मला परत डोळा लागायचा, आणि मी माझ्या आईच्या घरी असायचे. पागोळ्या गळतायत, आई चुलीपुढे आहे, कुणाला कसली घाई नाही, शाळा बुडली तरी चालणार आहे. आता मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहते, भिंती कोरड्या ठणठणीत आहेत, आणि खामगावात लागायची तशी झोप मला इथे लागत नाही.

“आज काय झालं वं?” सर रोज मुलीला विचारत.

“आज केसांत मासा आला.”

सर आत येऊन मासा बघत. “शेपटी चांगली जमली,” म्हणत. त्यांच्या सबंध नोकरीत शाळेतल्या कुणाची शेपटी त्यांनी चांगली म्हटली नसेल.

दुसऱ्या पावसाळ्यात मुलीला खोकला लागला. निजली की छाती वाजायची. डॉक्टरांनी पंप लिहून दिला आणि विचारलं, “घरात ओल आहे का?” मी घरी आले, त्या नावेकडे आणि त्या केसांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा मला त्यांचा राग आला.

तो रविवार होता. मी स्वयंपाकाच्या खिडकीशी भाजी निवडत होते. तुळशीचं वृंदावन माझ्या निजायच्या खोलीच्या भिंतीला अगदी चिकटून होतं. सरांच्या वडिलांनी परसातली जागा वाचावी म्हणून तसं बांधलं होतं. बाई तांब्याचा कलश भरून आली. तिने पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, पदर डोळ्यांना लावला, “बाप्पा, समद्याइले सुखी ठेव” म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने वर उन्हाकडे पाहिलं.

“आवं माय, तुयशीले पानी घालाचं राह्यलं!”

लगबगीने उठली, कलश भरला, पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, पदर डोळ्यांना लावला. पुन्हा पायरीवर बसली. पुन्हा उन्हाकडे पाहिलं. माझी भाजी निवडून झाली, फोडणीला पडली, शिजली, आणि बाईचं पाणी घालणं चालूच होतं. दर वेळी चेहऱ्यावर तीच टवटवी, दिवस आत्ताच उजाडल्याची. वृंदावनाच्या बुडातून पाणी झिरपत होतं आणि सरळ माझ्या भिंतीत जात होतं. टाकीशेजारी एक निळा ड्रम होता. त्यातलं पाणी कशासाठी ते मला कधी कळलं नव्हतं. ज्या गावात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुणी फेकत नाही, तिथे हा माणूस टँकरवाल्याला थांबवून बाईसाठी वेगळा ड्रम भरून ठेवत होता.

मी हात पुसत तशीच पुढच्या खोलीत गेले. “सर, ओल कुठून येते ते मला कळलं.”

ते उठले आणि परसाकडचं दार त्यांनी लोटून घेतलं. “हळू बोला, मॅडम.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पह्यल्या दिवसापासून.”

“मग तुळस हलवा ना! परसाच्या त्या टोकाला न्या.”

“नेली होती,” सर म्हणाले. “कुंडीत लावली तिकडं. बाई सकाळी आली अन् जुन्याच जागी पाणी घातलं, नुसत्या भिंतीवर. मंग दिवसभर तुळस शोधत फिरली. देवघरात, पलंगाखाली. संध्याकाळी रडाले लागली, म्हणे माह्या हातून मेली. दुसऱ्या दिवशी परत आणून लावली.” पाण्याने तुळशीची मुळं कुजत, तेव्हा बाई उठायच्या आत कुजलेलं रोप उपटून नवं लावायचं कामही ते करत असत, हे मला त्या दिवशी कळलं.

“बाईंना सांगून बघा तरी,” मी म्हणाले.

“काय सांगू? तू इसरते म्हणून?” ते खुर्चीत बसले. “मॅडम, तिच्या हातून एकेक करून समदं गेलं. भाकर गेली. वाती वळणं गेलं. माह्यं नावबी एखाद्या दिवशी जाते. हे एक राह्यलं. अन् हे कसं करते पाह्यलं ना तुम्ही? काही चुकते का त्याच्यात?”

चुकत नव्हतं. मी पाहिलं होतं.

“गावानं मले हसावं, बाईले नाई,” ते म्हणाले.

“आणि माझी मुलगी?” मी विचारलं. हे मी कठोरपणे विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं.

“आजच्या आज पोरीले समोरच्या खोलीत आणा. कोरडी हाय, मी गाल लावून पाह्यली. मागं मी झोपतो.”

त्या संध्याकाळी आम्ही खाटा बदलल्या. चार-दोन आठवड्यांत मुलीची छाती वाजायची थांबली. तिला मात्र भिंतीची आठवण यायची. मग सकाळी सर चहा घेता घेता तिला सांगत, आज नावेतल्या बाईने काय केलं, मासा कुठवर पोचला. कधीकधी ते कागदावर काढूनही दाखवत. त्यांचे डोळे लाल असायचे.

भाद्रपदात झड लागली. आमच्या कोकणासारखा तो कोसळता पाऊस नव्हे. पडतही नाही आणि थांबतही नाही, दिवसच्या दिवस नुसता लागून असतो. दुपार की संध्याकाळ ते समजत नाही. अशा एका दुपारी मी आणि बाई ओसरीवर बसलो होतो. बाई माझ्या मुलीच्या वेणीशी चाळा करत होती. मध्येच तिने मान कलती केली.

“भित ओली झाली का आवाज येते, पोरी. आदी माती सुटते, भुरूभुरू. उंदीर हाय असं वाटते. मंग पडते.”

“कुठली भिंत, बाई?”

“आमची. काल नाई का पडली? बाबू दबला खाली. माय नुसती वरडून राह्यली. म्या काढला. हातानं काढला.” आणि तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरून मला नखं दाखवली. म्हातारीची साधी, स्वच्छ नखं होती ती.

बाबू कोण, हे मी सरांना विचारलं. ते परातीत चुना चाळत होते.

“मी,” ते म्हणाले. मग चाळता चाळताच त्यांनी सांगितलं. सोनाळ्याकडे त्यांचं मातीच्या भिंतींचं, धाब्याचं घर होतं. अशीच झड लागली होती. सर तेव्हा चारेक वर्षांचे, बाई दहा-बारा वर्षांची. सर निजले होते त्याच बाजूची भिंत बसली. मोठी माणसं फावडं शोधायला धावली, बाई मात्र कशालाच थांबली नाही. “मले बाकी काही आठवत नाई,” सर म्हणाले. “अंधार आठवते. गालाले ओली माती आठवते. अन् मंग तिचा हात.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जन्मभर ज्या एका गोष्टीला हा माणूस भीत आला, तिच्याच कुशीला तो माझ्या मुलीला वाचवून आणि बहिणीला सांभाळून रोज जाऊन निजत होता.

“झोप लागते का हो तुम्हाला तिथे?”

“नाई,” सर म्हणाले. “पण पलीकडून पाण्याचा आवाज येते. पाणी पडून राह्यलं म्हणजे बाई बरी हाय.”

झड उघडली तेव्हा भिंतीला पोट आलं होतं. मिस्त्रीने हात लावून पाहिला आणि दोन पावलं मागे सरला. “सर, एक तं पाणी बंद करा, नाई तं भिंत उतरवा,” तो म्हणाला. “अन् पाणी असंच चालू राह्यलं तं नवी बांधली तरी तिचंबी हेच होईन.” संध्याकाळी सर घराभोवती फिरले, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतींवरून हात फिरवत. मी ओसरीवरून बघत होते. ज्या घराचा एक पोपडासुद्धा त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता, ते घर आता बाईच्या हातातल्या कलशासमोर उभं होतं, आणि दोन्हीपैकी एकच वाचणार होतं.

दुसऱ्या सकाळी ते माझ्याकडे आले. “मागची खोली पाडतो, मॅडम. परत बांधत नाई. तुमचं स्वयंपाकघर राहीन, समोरची खोली तुमचीच. मी अन् बाई एका खोलीत राहू. लहानपणी तसेच होतो.”

“सर, घर मोडताय तुम्ही,” मी म्हणाले.

“तुळस उघड्यावर आली का मंग घालू द्या तिले पाणी. कोण अडवते?”

भिंत उतरवली त्या दिवशी बाईला त्यांनी शेजारी नेऊन बसवलं, माझ्या मुलीला सोबत देऊन. आधी पत्रे निघाले, मग आडवं लाकूड, मग विटा. नाव, बाई, तिचे केस, मासा, सगळं ढिगात गेलं. सर मजुरांच्या मध्ये उभे होते आणि प्रत्येक वीट खाली येताना डोळे मिटत होते. संध्याकाळी बाईला पुढच्या दाराने आत आणलं. ती जेवली आणि निजली. ढीग न्यायला ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. पाण्याचा, मातीचा, उताराचा, सगळा विचार करणाऱ्या या माणसाने एवढाच एक विचार केला नव्हता.

सकाळी बाई कलश घेऊन परसात आली. ऊन कोवळं होतं. तुळस पहिल्यांदाच चारी बाजूंनी मोकळी उभी होती. बाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने ढिगाकडे पाहिलं, त्या ओल्या विटांकडे आणि मातीकडे, आणि कलश तिच्या हातातून पडला.

“आवं माय! भित पडली!”

तो म्हातारीचा आवाज नव्हता, पोरीचा होता. ती ढिगावर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागली. “बाबू! बाबू रे! आली मी, आली!” मी धावले. विटांनी तिची बोटं सोलवटतील म्हणून तिला मागे ओढणार, तोच सरांनी माझा हात धरला. ते दाढी करता करता तसेच आले होते, अर्ध्या तोंडाला साबण. त्यांनी बाईला समजावलं नाही, हाकही मारली नाही. ते ढिगाच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि अंगातल्या पांढऱ्या शर्टानिशी त्या ओल्या मातीत आडवे झाले. छातीवर त्यांनी हाताने थोडी माती ओढून घेतली. मग त्यांनी डोळे मिटले.

“मी इथं हाव, बाई,” ते म्हणाले.

बाई आवाजाच्या रोखाने वळली. गुडघ्यांवर सरकत गेली. एक वीट बाजूला केली, दुसरी केली, ओंजळीने माती उपसली, आणि त्यांच्या खांद्यापर्यंत पोचली. खांद्याला धरून तिने त्यांना ओढलं. ते उठून बसले. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं, नाकाशी लागलेली माती काढली, कानातली काढली, डोक्यावरून हात फिरवून पाहिला.

“लागलं का रे?”

“नाई, बाई.”

“मंग काऊन रडून राह्यला?”

सरांनी तिच्या तळहाताला गाल लावला.

“रडू नोको. मी हाव ना,” बाई म्हणाली. “चाल, घरात चाल.”

आणि हाताला धरून ती त्यांना घरात घेऊन गेली.